महालक्ष्म्यांच्या गोळ्या

गढा, जबलपूर
१२ जून २०२५

ती. शरयूताईंना विनताचा नमस्कार.

फोन न करता पत्र का लिहिते आहे ते आधी सांगते. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, आणि दोन जावांचं बोलणं तुमच्या अख्ख्या घराला ऐकू जातं. शिवाय फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो ताई' म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून, एकोणचाळीस वर्षं म्हणते आहे. कागदावर मला माझं वाक्य पूर्ण करता येतं.

इथे बायकांच्या पिशवीच्या आजारांवर जे संशोधन चालू आहे त्यात मी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. गाठी कशानं होतात, अंगावर इतकं काहून जातं, चाळिशीच्या आत इतक्या जणींची पिशवी काढावी लागते ती कशामुळे, हे ते चौदा वर्षांपासून शोधत आहेत. मी बारा वर्षांपासून आहे. दर जूनमध्ये त्यांची अमिता फॉर्म घेऊन घरी येते. पाळी कितव्या वर्षी आली, बाळंतपणं किती, चुलीवर किती वर्षं रांधलं, पाणी कुठलं, सगळं विचारते. त्यात एक प्रश्न असतो: कोणतं औषध नियमित घेत होता का? बारा वर्षं मी 'नाही' सांगितलं.

यंदा अमिता आली तीच घाईत. म्हणाली, "आंटी, थोड़ा जल्दी कर लें? देवर की शादी है, मेडिकल से गोली लेनी है. वो आगे बढ़ाने वाली."

मी विचारलं, "ही गोळी तुझ्या फॉर्ममध्ये कुठे आहे गं?"

"वो दवाई थोड़ी है, आंटी!"

मी हसले. ती गेल्यावर माझं हसू गेलं. ताई, मीही बारा वर्षं हेच समजत होते. भाद्रपदात महालक्ष्म्या, मग नवरात्र, मग संक्रांतीचं हळदीकुंकू, शिवाय घरातली लग्नं-मुंजी. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून माझ्या तळहातावर गोळी ठेवायच्या आणि मी ती प्रसादासारखी उजव्या हातानं घ्यायची. पाळी पुढे जायची. गोळी बंद केली की तिसऱ्या दिवशी जे सुरू व्हायचं ते दहा-दहा दिवस थांबायचं नाही. अडतिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली.

गोळ्यांनीच झालं असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण ज्यांनी शोधायचं त्यांनाही कळणार नाही, कारण मी त्यांना चुकीचं उत्तर देत आले. आता खरं द्यायचं आहे. तुम्हाला साल-तिथ्या पाठ असतात. मी कोणत्या वर्षापासून घेतल्या, वर्षातून किती वेळा, किती दिवस, एवढं लिहून पाठवा.

विनता


नागपूर
२० जून २०२५

चि. विनतास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चिन्मयी सूनबाईनं आणून दिलं आणि विचारलं, "आई, विनताकाकूंनी पत्र काहून लिहिलं, फोन बिघडला का त्यांचा?" मी म्हटलं, फोन नाही, डोकं बिघडलं.

तू हे काय करून राहिली? साठ वर्षांची झालीस, तुझी पिशवी काढून बावीस वर्षं झाली. आता ते उकरून कोणाचं भलं होणार आहे? मोठी राणी दुर्गावती लागून गेली, निघाली लढायला! आणि मी काय गोळ्या घरी वळत होती? भाऊजीच आणून द्यायचे मेडिकलमधून. फॅक्टरीच्या वाचनालयातून तुझी पुस्तकं आणायचे त्याच थैलीत, पुडी बांधून. आणि पुडी माझ्या हातात द्यायचे, तुझ्या नाही, कारण लाज वाटायची त्यांना. त्या देवमाणसाला जाऊन चार वर्षं झाली. आता त्यांचं नाव त्या कागदावर चढवणार का तू? उद्या कोणी केस केली तर?

अजून एक. सासूबाईंच्या वेळी गोळ्या नव्हत्या. त्या चार दिवस मागच्या खोलीत बसत. सतरंजी वेगळी, तांब्या वेगळा, आणि सणाच्या दिवशी अख्ख्या घराला कळायचं की आज ह्या काहून दिसत नाहीत. मी नवीन होती तेव्हा एकदा भर महालक्ष्म्यांत मला तिथे बसवलं होतं. बाहेर आरती चाललेली आणि मी भिंतीकडे तोंड करून. गोळी आली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते पण लिही म्हणावं तुझ्या संशोधनवाल्यांना.

यंदा ३१ ऑगस्टला आवाहन आहे. चिन्मयीची तारीख नेमकी त्यातच येते, म्हणून मी गोळ्या आणून ठेवल्या. दोन वर्षं झाली लग्नाला, पोरगी गुणाची आहे. तिच्या डोक्यात तू काही भरू नको.

शरयू


गढा
२९ जून २०२५

ती. ताई, नमस्कार.

ह्यांचं नाव मी आधीच सांगितलं. अमिता पुन्हा आली तेव्हा तिनं विचारलं, गोळी कोण आणायचं, मी म्हटलं माझे मिस्टर. ह्यांचा चष्मा आता मी लावते, नंबर जवळपास तोच आहे. रोज दुपारी त्यातूनच वाचते, त्यामुळे दिवसातले दोन-तीन तास तरी हे माझ्याजवळ असतात. त्यांच्या थैलीतून गोळ्या आल्या हे खरं. त्याच थैलीतून एकदा शरीरशास्त्राचं पुस्तक आलं. गर्भाशय नेमकं कुठे असतं, केवढं असतं, हे मला त्यात कळलं, माझं काढून टाकल्यावर दोन वर्षांनी! हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपण विचारायला पाहिजे होतं." आपण म्हणाले. तर त्यांचं नाव चढवल्याबद्दल ते माझ्यावर रागावणार नाहीत. केस वगैरे काही नाही. इथे कारण शोधून राहिले, आरोपी नाही.

आता परवाचं ऐका. मदन महाल स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये संशोधनातल्या बायकांची बैठक होती. पन्नासेक जणी असतील. डॉक्टर दीपा म्हणून आहेत, हे सगळं त्याच चालवतात. मी उभी राहून म्हटलं की त्या गोळ्यांचा प्रश्न फॉर्ममध्ये घाला. त्या म्हणाल्या, "विनता जी, बीच में सवाल नहीं बदल सकते. चौदह साल के जवाब हैं, तुलना कैसे होगी?"

मी म्हटलं, "चौदह साल अधूरा पूछा, तो पंद्रहवें साल भी अधूरा पूछेंगी?"

मग मी मागे वळले आणि बायकांनाच विचारलं, पूजा-लग्नासाठी ही गोळी कोणी कोणी खाल्ली? कोणी हात वर करेना. सगळ्या आपापल्या चपला बघायला लागल्या. शेवटी सराफ्यातली एक म्हातारी उठली, "अरे काहे की शरम! हमने तो तीज पर खाई, दिवाली पर खाई, ननद की तीनों शादियों में खाई." दुसरी म्हणाली, "अम्मा, ननद की तीन शादियाँ?" म्हातारी म्हणाली, "तीन ननदें थीं, बेशरम!" हॉल हसला आणि हात वर आले. मी मोजले, एकतीस. बत्तिसावा अमिताचा.

मी सांगून टाकलं की हा प्रश्न येईपर्यंत यंदाच्या फॉर्मवर माझी सही नाही. माझ्यामागे वीस जणींनी पेन खाली ठेवलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचार करते म्हणाल्या. मग त्यांनी मला जवळ बोलावून आपल्या घरचं विचारलं. मी सांगितलं, आम्ही दोघी जावा, तेव्हा एकत्र राहायचो. एकच घर, एकाच नळाचं पाणी, एकच चूल, दोघींनी वर्षानुवर्षं त्याच गोळ्या घेतल्या, आणि पुढेमागे दोघींचीही पिशवी गेली. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. तुमचं नाव दिलं नाही, 'मोठी जाऊ' एवढंच म्हटलं. तर आता तुमच्याही तिथ्या पाठवा.

राणी दुर्गावती हत्तीवर बसून गेली होती. मी ई-रिक्षात गेले, आणि शेजारी कोणाचं तरी बटाट्यांचं पोतं होतं.

विनता


नागपूर
१५ जुलै २०२५

विनता,

हे पत्र वाचून फाडून टाक.

तू डॉक्टरला चुकीचं सांगून आलीस. मी गोळ्या घेत नव्हती.

सुरुवातीला घेतल्या. १९९१च्या महालक्ष्म्यांनंतर माझी डावी पोटरी सुजली, पाय खाली टेकवेना. घरी सांगितलं जिन्यावरून घसरली. लेडी डॉक्टरकडे गेली तर तिनं झापलं, ह्या गोळ्या पुन्हा तोंडात घालायच्या नाहीत म्हणाली. त्यानंतर मी एकही घेतली नाही. बाजूलाही बसली नाही. त्या मागच्या खोलीत पुन्हा बसायचं नाही हे मी कधीचंच ठरवलं होतं.

तीनदा असं झालं की ऐन पूजनाच्या दिवशी मला आली होती. मी न्हाली, सोवळं नेसली, आणि सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, सगळं ह्या हातांनी केलं. नैवेद्य वाढला. एकदा तुपाची धार ताटाबाहेर गेली. तुला आठवत असेल, तूच पुसलं होतं.

काही झालं नाही. पुरण विटलं नाही. मुखवटे होते तसेच हसरे. त्यातल्याच एका वर्षी माझ्या थोरल्याला, तनयला नोकरी लागली.

तू विचारशील, मग मला काहून देत होत्या. मी पंधरा दिवस तेच स्वतःला विचारून राहिली. मला वाटायचं की मी तर पाप करून राहिली, पण घरात एक तरी बाई शुद्ध पाहिजे. नाही तर देवी कोणाच्या भरवशावर घरात येईल? ती बाई तू होतीस. तुझा हात नैवेद्याला लागला की मला धीर यायचा.

आणि माझीही पिशवी गेलीच, गाठीच होत्या. गोळ्या न घेता. तेव्हा तुझ्या गणिताचं काय करायचं ते तू बघ.

शरयू


गढा
२७ जुलै २०२५

ती. ताई,

पत्र फाडलं नाही. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं.

पहिला दिवस रागात गेला. १९८७ पासून तुम्ही मला गोळ्या दिल्या. त्यातली शेवटची बारा वर्षं तुम्ही स्वतः घेत नव्हत्या, आणि लेडी डॉक्टर काय म्हणाली ते तुम्हाला माहीत होतं. पुरण विटत नाही हे कळलेली घरातली एकटी बाई तुम्ही, आणि तुम्ही ते मला सोडून सगळ्या देवांना सांगितलं असेल. मला शुद्ध ठेवलंत. मला विचारलं का? आज मी विधवा आहे, ओटी भरायची वेळ आली की नागपूरला मला मागच्या रांगेत पाठवतात. आता माझ्यासाठी कोणती गोळी आहे ताई? असली तर पाठवा.

दुसरा दिवस त्याहून वाईट गेला. कारण त्या दिवशी मला वाटलं की तुमचं पत्र आलंच नाही असं समजावं. डॉक्टरांनी गोळ्यांचा वेगळा कागद छापायचं कबूल केलं होतं. 'दोन जावा, एकच गोळी' हे ऐकूनच त्या हलल्या होत्या. आता मी जाऊन सांगायचं की एकीनं घेतलीच नाही आणि तिलाही गाठी झाल्या? मग माझ्या बोलण्यात राहिलं काय? मी हॉलमध्ये इतक्या जणींना हात वर करायला लावलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी गेले. हातचं राखून सांगायचं असेल तर बारा वर्षं 'नाही' म्हणत होते तेच बरं होतं. तुमचं पत्र दाखवलं नाही, पोटरीचं सांगितलं नाही. फक्त माझी चूक दुरुस्त केली: डॉक्टर साहब, बड़ी जेठानी गोली नहीं लेती थी. मुझे ग़लत मालूम था.

त्यांनी वहीतलं ते पान उघडलं. मला वाटलं संपलं. तर म्हणाल्या, "विनता जी, एक ही घर, एक ही पानी, एक खाती रही, एक ने छोड़ दी. ऐसी दो औरतें हमें ढूँढे नहीं मिलतीं. उनसे लिखवा सकती हैं?"

मी म्हटलं, पण गाठी तर दोघींना झाल्या. त्या म्हणाल्या, तेच तर बघायचं आहे. दोन बायकांवरून काही ठरत नाही, दोन हजारांवरून थोडंफार ठरतं. मग म्हणाल्या, "हो सकता है गोली बेक़सूर निकले. तब आप नाराज़ तो नहीं होंगी?"

मी म्हटलं, "निकले. पर पूछकर निकले."

कागद सोबत पाठवते आहे, आठ प्रश्न आहेत. तुमच्या हातानं भरा, सहीनिशी. सही नसेल तर त्यांना तो धरता येत नाही. १५ सप्टेंबर शेवटची तारीख आहे. चिन्मयीला गोळी द्यायची की नाही ते तुमचं घर, तुम्ही बघा. पण द्यायची असेल तर आधी स्वतःचं सांगा आणि मग तिच्या हातावर ठेवा.

विनता


गढा
२२ ऑगस्ट २०२५

ती. ताई,

सव्वीस दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. काल फोन केला तर चिन्मयीनं घेतला. म्हणाली, आई बऱ्या आहेत, पण बोलत नाहीत.

इथे गोळ्यांचे तीनशे चार कागद भरून झाले. सराफ्यातल्या म्हातारीनं एकटीनं सतरा आणले. अमितानं स्वतःचाही भरला, आणि दिराच्या लग्नात काय हाल झाले ते दीड पान लिहिलं.

मी यंदा महालक्ष्म्यांना येणार नाही. तुमच्यावर रागावून नाही. मागच्या रांगेत बसायला मी आता कुठेच जात नाही.

विनता


नागपूर
६ सप्टेंबर २०२५

चि. विनतास,

लिहायला उशीर झाला. मी महिनाभर तो कागद देवघरात ठेवत होती आणि परत काढत होती.

गणपती बसले त्या दिवशी चिन्मयीला स्वयंपाकघरात बोलावलं. गोळ्यांचं पाकीट ओट्यावर ठेवलं, आणि तुझी अट होती म्हणून सगळं सांगितलं. पोटरी, ते तीन नैवेद्य, तू. पोरीनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "आई, मग तुम्ही ह्या मला काहून देऊन राहिल्या?" तिनं पाकीट उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

१ तारखेला, पूजनाच्या दिवशी सकाळीच ती माझ्याकडे आली. चेहऱ्यावरूनच मला कळलं. म्हणाली, "आता काय करू?" बाहेर पाहुणे यायला लागले होते. विनता, मला त्या क्षणी सासूबाईंची सतरंजी दिसली. मी म्हटलं, "हात धू आणि पुरण वाट."

ह्या वेळी लपवलं नाही. जेवणं सुरू झाल्यावर मीच सांगितलं. नणंदबाई भरल्या ताटावरून उठल्या, पाणीही न पिता गेल्या. जाताना म्हणाल्या, ह्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेली नाही. बाकीच्या जेवल्या. एकीनं पुरणपोळी अजून मागितली. चिन्मयीनंच वाढली.

तू नव्हतीस. तुझी जागा मी पुढे ठेवली होती, मुखवट्यांच्या उजव्या बाजूला. ती रिकामी राहिली, आणि कोणाला बसू दिलं नाही.

कागद भरून पाठवते आहे. साल-तिथ्या सगळ्या बरोबर आहेत, चिन्मयीनं पंचांगाशी ताडून पाहिल्या. पोटरीचं लिहिलं आहे, न लपवता. गाठींचं पण लिहिलं. पण तुझ्या डॉक्टरबाईंना म्हणावं, तुम्ही शिकलेल्या असाल, पण सासवा-जावांचं घर तुम्हाला माहीत नाही. 'तुम्ही गोळी घेत होता का' हे विचारलं. 'तुम्हाला कोण देत होतं' हे पण विचारलं. 'तुम्ही कोणाला दिली' हे कुठेच विचारलं नाही.

म्हणून मी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, मोठ्या अक्षरात: 'माझी धाकटी जाऊ विनता हिला सन १९८७ ते २००३ मी माझ्या हातानं गोळ्या दिल्या. तिला विचारलं नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

अमिता म्हणेल की फॉर्ममध्ये ह्याला जागा नाही. तिला सांग, जागा कर.

शरयू